पाठ नसलेला बाक

मी एक बाक बोलतोय. शपथेवर सांगतो, पुढच्या गोष्टीत एक अक्षर खोटं नाही. मी अस्सल महोगनीचा आहे, हे त्यातलं पहिलं सत्य. वाळवीला विचाराल तर ती सांगेल, हा साध्या ग्वांगोच्या लाकडाचा आहे. तिचंही खरं आहे. म्हणजे शपथ तिसऱ्याच वाक्यात मोडली. असू द्या, बसा.

जमैकाच्या सेंट एलिझाबेथमध्ये, लाल मातीच्या टेकाडावर आमचं मोरेव्हियन चर्च. मला घडवलं थिओफिलस ब्लेक नावाच्या सुतारानं. त्याच्या हातची शवपेटी मिळावी म्हणून इथले लोक चार दिवस आधीच मरत, असा त्याचा हात. चर्चच्या पंचांनी त्याला सांगितलं, हा बाक सगळ्यांत मागे राहील आणि याला पाठ नको. ज्याचं पाऊल घसरलं त्यानं सहा महिने इथं बसायचं, प्रभुभोजनाचा प्याला त्याला मिळायचा नाही. अशा माणसाला टेकायला कशाला हवं? थिओफिलस स्वतः पंचांपैकी एक. त्यानं मान डोलावली, पाठीसाठी कापलेल्या फळ्या घरी नेल्या आणि त्यांचा पाळणा केला. त्याची मुलगी आयोनी तेव्हा आठ दिवसांची होती.

माझ्यावर बरीच मंडळी बसून गेली. रम पिऊन अंत्ययात्रेत नाचलेला एक जण. शेजाऱ्याची बकरी आपली म्हणून विकणारा दुसरा. मिस आयसिल्डा तर तीनदा, तिन्ही वेळा जिभेपायी. एक गंमत मी पाहिली आहे. पुढच्या बाकांवरचे लोक प्रार्थनेत डोळे मिटतात आणि एक डोळा किलकिला करून मागे बघतात. मागचे मात्र खरोखर मिटतात.

आयोनीची आई लवकर गेली. मुलीच्या वेण्या थिओफिलसच घालायचा, रंधा धरणाऱ्या हातांनी, जरा घट्टच. ती चर्चमध्ये गायची. अठराव्या वर्षी तिचं पोट दिसू लागलं. पोराचा बाप ऊस तोडायला परमुलखात गेला होता, तो गेलाच.

त्या रविवारी मागच्या बाकावर बसायची शिक्षा झालेल्यांची नावं वाचायची पाळी थिओफिलसची. पाद्रीबाबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आज दुसरा कुणी वाचेल. तो म्हणाला, "लोकांच्या मुलींची नावं वाचताना माझा आवाज नीट निघाला, पाद्रीबाबा. आज नाही निघाला तर मी आजवर काय वाचत होतो?"

आवाज नीट निघाला. आयोनी ब्लेक, सहा महिने. ती गाणाऱ्यांच्या रांगेतून उठली आणि सगळ्या चर्चमधून चालत माझ्यापर्यंत आली.

मिस आयसिल्डाची तेव्हा तिसरी खेप चालू होती. "मधे नको बसू, पोरी," ती पुटपुटली. "तिथं फळी टोचते. तुझ्याच बापाचं काम आहे."

आयोनी बसली. मग म्हणाली, "मावशी, पप्पांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. देवही अशीच यादी वाचत असेल का?"

"यादी तर तो वाचतोच. माझं नाव तीनदा आलंय, मला विचार." म्हातारीनं पदरानं नाही, टोपीच्या फितीनं नाक पुसलं. "पण म्हणे वाचून झाल्यावर तो वर थांबला नाही. खाली उतरला, यादीतल्या लोकांत येऊन बसला. लोकांनी त्याला यादीतलाच समजून मारलं. मला एवढंच कळतं. बाकीचं पुढच्या बाकांवरच्यांना विचार, ते शिकलेले आहेत."

त्याच दिवशी प्रीतिभोजन होतं. गोड पाव आणि चहा. प्याला आमच्यासाठी नसला, तरी हा पाव सगळ्यांना मिळतो, मागच्यांनाही. टोपली फिरवत होता थिओफिलस. रांगेमागून रांग करत तो आमच्याकडे येताना आयोनीनं पाहिलं आणि ती हळूच मिस आयसिल्डाच्या बाजूला सरकली. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

थिओफिलसनं टोपली खाली ठेवली. म्हणाला, "निकाल मीच वाचला, तो मागे घेत नाही. पण वाचणाऱ्यानं पुढंच बसावं असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. सरक जरा." आणि बसला. गाणाऱ्यांचा सूर घसरला, पाद्रीबाबांचा चहा सांडला. सहा महिने बाप-लेक माझ्यावर बसले. न्याय करणारा आणि माया करणारा एकाच फळीवर, एकाच अंगरख्यात. लाकूड असूनही मला ते समजलं.

गोष्ट इथंच संपवणार होतो. पण सुरुवातीला शपथ घेऊन बसलोय.

थिओफिलसनं टोपली खाली ठेवली नाही. आयोनीच्या हातात पाव दिला. त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, चांगलं दोन ओळी गाऊन होईपर्यंत पाहिलं. मग वळला आणि पुढं जाऊन आपल्या जागी बसला. पाव तिनं खाल्ला नाही, माझ्यावरच ठेवून गेली. मंगळवारी ती भाजीच्या ट्रकमधून किंग्स्टनला गेली. तिथून कुठं, ते कुणाला कळलं नाही. पत्र आलं नाही.

चौथ्या महिन्यात एका रविवारी थिओफिलस प्याला न घेता मागं आला. मिस आयसिल्डाची शिक्षा संपली होती, बाकावर कुणी नव्हतं. तो त्या जागेपाशी उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "सरक जरा." मग बसला. त्यानंतर मरेपर्यंत तिथंच बसला. त्याला तशी शिक्षा कुणी दिली नव्हती.

त्याच आठवड्यात त्यानं घरचा पाळणा सुटा केला आणि त्याच्या फळ्या जोडून मला पाठ लावली. आता मागं बसवायच्या शिक्षेची ती चाल बंद झाली आहे. म्हातारी माणसं मला टेकून डुलक्या घेतात. त्यांच्या पाठीला काही टोचत नाही, काम चांगलं झालंय.

माझं मागणं एवढंच. कुणी तुमच्यासाठी सरकलेलं दिसलं, तर हातातली टोपली खाली ठेवा.

तो तिच्याशेजारी बसला, हे मी रचलं. ती सरकली होती, हे खरं.