एकसारखी भिंत

"बघ, जुळतोय का?" रुडॉल्फने नव्या खाणीतला काळपट दगड व्हायोलेटच्या व्हरांड्याच्या भिंतीला लावून धरला. "चर्चलापण असाच विजोड दिसतोय."

व्हायोलेट शिलाई मशीनवरून उठली नाही. चौऱ्याऐंशी साल होतं. अंधेरीच्या त्या गावठाणातलं जुनं चर्च अपुरं पडायला लागलं, म्हणून बाजूने वाढवायचं ठरलं होतं. मूळ भिंती मालाडच्या पिवळ्या दगडाच्या, आणि त्या खाणी केव्हाच बंद पडलेल्या. गावात तसा दगड उरला होता फक्त या घराला, आणि रुडॉल्फला तो चर्चला द्यायचा होता. आई गेल्यापासून व्हायोलेट तिथे एकटीच राहायची, व्हरांड्यातल्या उजेडात गावच्या पोरींचे फ्रॉक शिवायची.

"घर पाडलंस तर मी कुठे जाऊ?"

"अगं, मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून देतो ना विटांच्या. तोवर आमच्याकडे राहा. देवाच्या कामाला नाही म्हणतेस?"

थोरला भाऊ, त्यात देवाचं नाव. 

घर पाडलं. मशीन रुडॉल्फच्या जिन्याखाली गेलं. तिथे भर दुपारीही सुईत दोरा ओवता येईना. गिऱ्हाइकं तुटली. पावसाळा सरल्यावर तिने खोल्यांचं विचारलं, तेव्हा भावजय बेटी मासे साफ करता करता म्हणाली, "खोल्या कसल्या? जागा बिल्डरला दिली ना यांनी. तुला बोलले नाहीत?"

रुडॉल्फने पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "एकटीला घर काय करायचंय तुला? दोन वेळचं मिळतंय ना इथे?"

नाताळच्या आधी नवा भाग खुला झाला. फादरनी वेदीवरून रुडॉल्फच्या दानाचं कौतुक केलं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर येऊन भिंतीवरून हात फिरवत होते. "जुनं कुठलं, नवं कुठलं, कळतच नाही यार!"

व्हायोलेटने पाथरवट लवूला गाठलं. "आमच्या मागच्या दाराचा दगड कुठे बसवलास रे? आई त्याच्यावर कोयती घासायची. खाच पडलेली बघ."

लवू ओशाळला. "बाय, खाच ठेवली असती तर जुळला नसता. टाकी मारून सगळेच सपाट केले. तसंच सांगितलं होतं मला."

"मग कुठला तो?"

"आता मलाही नाही सांगता येणार."

तरी तिने एका दगडावर हात ठेवला. मग शेजारच्या.

"ओ बाई, जरा बाजूला व्हा ना," फोटोवाला म्हणाला. "भिंत झाकली जातेय."

व्हायोलेटने हात काढून घेतला आणि ती उन्हात जाऊन उभी राहिली.