टाकीमागची नळी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी नळी आहे. नाकं मुरडू नका! बागेला पाणी घालणारी नळी मी नव्हे. भोपाळच्या मोठ्या तलावात ‘टिटवी’ नावाची एक शिडाची होडी आहे, तिच्या पोटातली मी नळी. स्वभावाने भारी उतावळी. आणि नशीब बघा, अख्खं आयुष्य काढलं एका अंधाऱ्या सांदीत, जागचं न हलता.

माझं काम आधी समजून घ्या, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला ते कळेल. होडी चालवणारे ज्या खोलगट जागेत बसतात, तिला कॉकपिट म्हणतात. तिथे लाटांचं आणि पावसाचं पाणी साचतं. ते वाहून जावं म्हणून तळाशी दोन भोकं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक भोकाला एकेक नळी. ती होडीच्या पोटातून खाली उतरते आणि बुडाच्या भोकातून ते पाणी तलावात सोडते. ते बुडाचं भोक मात्र कायम पाण्याखाली असतं. म्हणजे मी फाटले, तर तलावच होडीच्या पोटात शिरणार.

कारखान्यात एकाच वेटोळ्यातून मला आणि माझ्या बहिणीला कापलं. ती उजवीकडे लागली, मी डावीकडे. तिची जागा ऐसपैस होती. बाकाची फळी उचलली की ती समोर. मी बसले पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे, चार बोटांच्या फटीत. तिथे दिवसा उजेड नाही की कोणाची विचारपूस नाही. वरच्या भोकातून माणसांचं बोलणं तेवढं ऐकू यायचं.

होडीचे मालक गजाननराव देवपुजारी. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. गजाननरावही सरकारी ओव्हरसियर होऊन निवृत्त झाले, आणि कोटरा सुल्तानाबाद वस्तीतल्या घरापेक्षा तलावाकाठीच जास्त रमले. एकदा वादळात कॉकपिट घोट्यापर्यंत भरलं. आम्ही दोघींनी ते बघता बघता रिकामं केलं. “वा रे पोरींनो!” म्हणाले ते. वीस वर्षांत झालेलं तेवढंच कौतुक. मी अजून विसरले नाही.

पण रबरालाही वय असतं. भोपाळच्या मे महिन्यात होडी काठावर गाड्यावर चढवून ठेवत, तेव्हा माझं अंग भाजून निघायचं. मी कडक झाले. मग वाकणावर एक भेग पडली. एकीच्या दोन झाल्या.

पाच वर्षांपूर्वी गजाननरावांनी नळ्या बदलायला काढल्या. बहीण तासाभरात निघाली, तिच्या जागी नवी कोरी नळी बसली. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. हात कोपरापर्यंतही शिरेना. सोलवटला, अडकला, तेल लावून सोडवावा लागला. दोन रविवार झटले बिचारे. तिसऱ्या रविवारी माझ्यासाठी आणलेली नळी गुपचूप बाकाखाली ढकलली आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘नळ्या दोन, बदलल्या. काम पूर्ण.’ नोकरीभर फायलींवर हाच शेरा मारलेला, हाताला वळणच पडलेलं! शोभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काठावर डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनाही तेच सांगितलं.

मी आतल्या आत नुसती धुमसत होते. अहो, मला फेका म्हणत होते मी! कापा, ओढा, भंगारात घाला! पण नळीचं कोण ऐकतो?

दर फेरीला माझी धाकधूक वाढायची. लाट आदळली की वाटायचं, आज जाते मी. भेगेतून थेंब झिरपायचा, टाकीमागे सुकून जायचा, कोणाला पत्ता नाही.

आणि परवा शनिवारी कहर झाला. त्यांची लेक अबोली पुण्याहून चार दिवस आली होती. शोभाताईंना पोहता येत नाही. वीस वर्षांत त्यांनी ‘टिटवी’त पाऊल टाकलं नव्हतं. अबोली काठावरून हट्टच धरून बसली.

“आई, एकदा तरी चल ना यार! बाबांनी सब कुछ नवीन केलंय.”

“दोन्ही नळ्या पक्क्या आहेत नं हो?” शोभाताईंनी विचारलं.

“हो हो, पक्क्या,” गजाननराव म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

“मग उद्या सकाळी बसते. जे व्हायचं ते होईल, बाप्पा!”

अरे देवा! माझ्या त्या भेगेवर तीन जीव बसणार होते, त्यातल्या एकीला पोहताही येत नव्हतं. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

रविवारी उजाडताच गजाननराव एकटेच आले. होडी अजून काठावर गाड्यावर होती. त्यांनी बाकाखालची नळी काढली, पालथे पडले आणि फटीत हात घातला. पुन्हा तेच. बोटांची टोकं मला लागत होती, पण मला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पपर्यंत पोचत नव्हती. “निघ गं, निघ गं बाई,” म्हणत होते ते. मी तरी काय करू? तेवढ्यात मागून आवाज आला.

“चहा न घेता निघाले, तेव्हाच समजले मी. हे काय करून राहिले तुम्ही?”

शोभाताई होत्या. गजाननराव उठून बसले, घाम पुसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हात पोचला नाही ते, शेरा मारला ते, काल खोटं बोलले तेही.

शोभाताई म्हणाल्या, “पाच वर्षं! आणि मी तुमच्या शब्दावर पाण्यात जाणार होते.” एकदम पदर खोचून त्या म्हणाल्या, “सरका.”

त्यांचा हात बारीक, लोणच्याच्या उंच बरणीच्या बुडाशी जाणारा. पण उजव्या मनगटात भाच्याच्या लग्नातला चुडा. बांगड्या फटीत अडकल्या. साबणाचं पाणी लावून त्यांनी त्या उतरवल्या, त्यात दोन वाढल्या.

“हात रिकामा नको,” गजाननराव पुटपुटले. शीड शिवायचा जाड दोरा घेऊन त्यांनी तो शोभाताईंच्या मनगटाला बांधला. त्यांनी बांधू दिला, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही.

मग तो हात आत आला. वीस वर्षांत मला पहिल्यांदा पूर्ण हात लागला हो! बोट भेगेवर थांबलं. “अगं आई गं, ही तर उललीय पार!” बुटक्या पेचकसाने त्यांनी क्लॅम्प सैल केला. वरचं टोक गजाननरावांनी सोडवलं. खाली मी चिकटून बसले होते, तिथे शोभाताईंनी सुरीने उभी चीर दिली. दुखलं का म्हणता? छे, सुटल्यासारखं वाटलं! नवी नळी माझ्या वरच्या टोकाला बांधली आणि खालून मला ओढलं. मी पुढे, ती मागे. तिला वाट दाखवत मी बाहेर आले.

नऊला अबोली आली. तिने मला गवतावर पाहिलं. “हे काय, बाबा?”

‘जुनं भंगार’ म्हणून निभावता आलं असतं. शोभाताई आता मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या.

“पाच वर्षं मी एकच नळी बदलून दोन सांगितल्या,” गजाननराव म्हणाले. “दुसरी आज बदलली. तुझ्या आईने.”

“बाबा! मागच्या दिवाळीत मी चार मैत्रिणींना घेऊन गेले होते!”

“हो. चुकलं माझं.”

अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. गजाननरावांनी मान खाली घातली. शोभाताईंनी चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला.

“उतरवा होडी पाण्यात. मी बसते. आता माझ्या हाताची नळी आहे ती.”

मित्रांनो, आम्हाला जपा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मी सांगते, आम्हाला वेळेवर सुट्टी द्या. आणि जिथे हात पोचला नाही, तिथे ‘काम पूर्ण’ लिहू नका. ‘माझा हात पोचला नाही’ एवढं घरात सांगा. दुसऱ्या कोणाचा तरी पोचतो.