वारा कप्तानाचा

जगातली सगळ्यात सुंदर खाडी कुठली असं मला कुणी विचारलं तर मी इंजिरली सांगेन. आणि जगातला सगळ्यात वाईट तुरुंग कुठला असं विचारलं, तरी इंजिरलीच सांगेन.

पाणी इतकं नितळ की नांगर तळाच्या वाळूत कसा रुतलाय ते वरून दिसतं. किनाऱ्यावर पाइनची झाडं, आणि त्यांच्या मागे असा सरळ कडा की बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. रस्ता नाही. फोनला रेंज नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध आमची गुलेत बोट उभी! दोन डोलकाठ्यांची, लाकडी, मधासारख्या रंगाची. पुढून नांगर टाकलेला, मागून दोन दोरखंड किनाऱ्यावरच्या खडकांना बांधलेले. अडेल गाढवाला बांधतात ना दोन्हीकडून, तशी. परवापासून.

आणि मला उद्या सकाळी मार्मारिसला पोचायचं होतं.

नाविक शाळेच्या प्रवेशाची लेखी परीक्षा मी पास झाले होते. मी! उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी इदिल! निकाल लागला त्या दिवसापासून माझा आवाजच मोठा झालाय असं आई म्हणते. आता उरली होती पोहण्याची चाचणी आणि तोंडी परीक्षा, आणि ती उद्या होती. जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला. बेत साधा होता. आज दुपारी पाहुण्यांना घेऊन आम्ही बोझबुरुनला पोचणार, धक्क्यावर आई उभी असणार, आणि आम्ही दोघी शेवटची मिनीबस पकडून मार्मारिसला मावशीकडे मुक्कामाला जाणार.

पण बोट काही हलेना.

"पाहुण्यांना इथंच आवडलंय," बाबा परवा म्हणाला. कालही हेच म्हणाला. आज सकाळी तर चहाच्या पेल्यात बघूनच म्हणाला, माझ्याकडे न बघता. "मी काय करू? वाट पाहुण्यांची, वारा कप्तानाचा. माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. आमच्याकडच्या सगळ्या बोटींचा हाच कायदा. आठवडाभर बोट भाड्यानं घेतलेला पाहुणा म्हणेल त्या खाडीत जायचं, म्हणेल तितकं थांबायचं. कप्तानानं तोंड उघडायचं ते फक्त वाऱ्यासाठी. वारा वाईट आहे असं तो एकदा म्हणाला की मात्र सुलतान जरी बोटीवर असला तरी त्यानं गप्प बसायचं. काही कप्तान याचा फायदा घेतात. कंटाळा आला की वारा, सासुरवाडीला लग्न असलं की वारा. माझा बाबा, रासिम कप्तान, तसा नाही. वाऱ्याबद्दल तो कधी खोटं बोलला नाही, हे आख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे आणि शाळेत मीही ते मिरवलेलं आहे.

म्हणून मी पाहुण्यांवर जळत होते. पाहुणे म्हणजे इस्तंबूलचे निहात बेय, म्हणजे निहातसाहेब, पांढऱ्या मिशांचे, दिवसभर ऑक्टोपस शोधत पोहणारे. त्यांची मुलगी तुलाय हानम, म्हणजे तुलायबाई, आणि तिच्या मैत्रिणी, ज्या शिडांसोबत फोटो काढायच्या आणि शिडं उभारली की "इंजिन का बंद केलंत?" असं विचारायच्या. बोटीवरच्या माणसानं पाहुण्यांना आपलं गाऱ्हाणं सांगायचं नसतं. हसायचं, फळं कापायची, ओले टॉवेल वाळत घालायचे. मी इतकी हसले होते की गाल दुखत होते.

"मामा, काहीतरी कर ना!" मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले.

जेवदेतमामा आमचा आचारी. आईचा धाकटा भाऊ. वांगी भाजत होता.

"बर्फ संपवू?"

"संपव!"

ही जुनी युक्ती आहे. बर्फ संपला की पाहुणे स्वतःच म्हणतात, चला गावात. मामानं टोपलीभर बर्फ गुपचूप खिडकीतून समुद्रात सोडला, मग वर जाऊन पडेल चेहऱ्यानं बातमी दिली.

"हरकत नाही, उस्ताद," निहात बेय म्हणाले. "माझा बाप विहिरीचं पाणी प्यायचा. आपणही कोमट पिऊ."

मामा खाली आला. "तुझं नशीब बघ. इस्तंबूलचा श्रीमंत माणूस, आणि त्याचा बाप विहिरीचं पाणी पिणारा निघाला."

"आता?"

मामानं कॉफीचा डबा हातात घेतला, उघडला, आणि पुन्हा बंद करून फळीवर ठेवला. माझ्याकडे बघून डोळा मारला.

या दिवसांत आमच्याकडे कुठलंही जेवण उघड्यावर मांडायचं तर आधी बशीत कॉफीची पूड जाळावी लागते. तो धूर असला की गांधीलमाश्या येत नाहीत. आज मामा धूर करायला 'विसरला'. मी टरबूज मांडलं, पनीर मांडलं, भाजलेला मासा मांडला, आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "सावकाश होऊ द्या!"

आल्या की! आधी एक, मग पाच-सहा, मग मोजता येईनात. तुलाय हानम खुर्चीवर उभी राहिली. एक मैत्रीण तर काटा-चमच्यासकट पाण्यात उडी मारून मोकळी झाली.

"कप्तान!" तुलाय हानम किंचाळली. "इथून हलवा आम्हाला!"

मला तर नाचावंसं वाटलं. बाबा धावत आला. कॉफीची बशी रिकामी पाहिली, मामाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माश्या किनाऱ्यावरून येतात, हानम. आपण जरा लांब जाऊन उभं राहू."

आणि खरंच, दोरखंड सोडले, नांगर उचलला, इंजिन घरघरलं, माझं काळीज खाडीच्या तोंडाशी असलेल्या भूशिराच्या पलीकडे जाऊन पोचलं, आणि बोट खाडीच्या मधोमध येऊन पुन्हा थांबली! साखळी खडखडत खाली गेली. तोच कडा, तीच पाइनची झाडं, फक्त जरा दूर. आता तर किनाराही पोहत गाठायचा.

"झालं," मामा म्हणाला. "कोठडी बदलली."

हसू आलं नाही. ऊन शिडांच्या वळकट्यांवर सरकत होतं, आणि आई धक्क्यावर जायला निघाली असेल असं मनात येत होतं. चोहीकडे एवढं पाणी, एवढं आकाश, आणि मला श्वास घ्यायला जागा नव्हती.

तेवढ्यात निहात बेय जेवणाच्या टेबलाकडे परत येत म्हणाले, "काय करणार! कप्तानांचा शब्द. नाहीतर आज आपण बोझबुरुनला असतो."

माझ्या हातातली पाण्याची सुरई तशीच राहिली.

मी नियम मोडला. पाहुण्याला प्रश्न विचारला.

"निहात बेय, तुम्हाला बोझबुरुनला जायचं होतं?"

"अगं, परवाच म्हणालो मी तुझ्या बाबांना! तिथं माझा जुना मित्र आहे. काल पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, भूशिराच्या पलीकडे समुद्र खवळलाय, वारा पडेपर्यंत थांबा. आता वाऱ्यापुढे कोण बोलणार?"

मी पाण्याकडे पाहिलं. पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट होतं. परवा सपाट होतं. काल सपाट होतं. बोटीवर जन्म काढलेली मुलगी मी, आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण पलीकडे कसं असेल हे बाबाला विचारायचंही कधी डोक्यात आलं नाही. तुरुंगाचा दरवाजा पाहुण्यांच्या हातात आहे असं मी समजत होते. किल्ली आमच्याच घरात होती.

मी सुकाणूच्या खोलीत शिरले. बाबा नकाशा पुसत होता. नकाशा स्वच्छ होता.

"भूशिराला वारा आहे?"

तो पुसतच राहिला.

"बाबा, वारा आहे?"

"हळू बोल. पाहुणे ऐकतील."

"ऐकू देत! तू खोटं बोललास. वाऱ्याबद्दल! तू!"

बाबानं फडक्याची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. "तिथं चार वर्षं," तो म्हणाला. "मग मोठी जहाजं. आज ब्राझील, उद्या सिंगापूर. तुझ्या मामाची कंबर गेली आहे. माझंही वय होत चाललंय, ते दिसतंय तुला." मग त्यानं भिंतीच्या लाकडावर तळहात ठेवला. "ही बोट मी बांधली. एकेक फळी मी वाकवली. कुणासाठी बांधली?"

"मला काय माहीत? तेव्हा मी पाळण्यात होते! मला विचारलं होतंस?"

त्याला जवळजवळ हसू आलं. मलाही रागात वाईट वाटलं, ते वाईट वाटणं तर सगळ्यात वाईट होतं. कारण रागानं माणूस दार फोडू शकतं, पण कीव आली की तिथंच बसतं. मी बसणार होते. खरंच, क्षणभर मी बसणार होते.

मग मी रेडिओचा माइक उचलला.

"ठेव तो."

आमच्या किनाऱ्यावरचे सगळे कप्तान एकाच चॅनेलवर असतात. कुणाचा नांगर अडकला, कुणाच्या बायकोनं फोन केला, सगळं सगळ्यांना कळतं. रासिम कप्तानाच्या बोटीवरून त्याची मुलगी विचारते, भूशिराला समुद्र कसा आहे? याचा अर्थ काय, हे मूर्खालाही कळलं असतं. वर रेडिओचा आवाज मागच्या डेकवर, पाहुण्यांच्या टेबलापर्यंत जातो. एक वाक्य, आणि बाबाचा शब्द बुडाला असता.

माझा अंगठा बटणावर होता.

"तू विचार," मी म्हणाले, "नाहीतर मी विचारते. पण आज मी इथं राहणार नाही, बाबा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल सांगितला तेव्हाही त्यानं असं पाहिलं नव्हतं. मग त्यानं हात पुढे केला. हिसकावलं नाही. मी माइक दिला.

"रासिम बोलतोय," बाबा म्हणाला. घसा खाकरला. "भूशिराजवळ कोण आहे? समुद्र कसा आहे?"

रेडिओ खरखरला, मग बेकिर कप्तानाचं गडगडाटी हसू आलं. "रासिम? तू विचारतोयस? अरे, आम्ही तुला विचारून कपडे वाळत घालतो!"

"विचारलंय त्याचं उत्तर दे."

"झोपलाय समुद्र, झोपलाय! घोरतोय! काय रे, म्हातारा झालास की काय?"

दुसऱ्या कुणीतरी मध्येच तोंड घातलं. "चष्मा लागला वाटतं रासिमला!" मग तिसरा हसला. बाबा ते सगळं उभ्यानं ऐकत होता. कान लालबुंद झाले होते. हे हसू आता पुढची कितीतरी वर्षं धक्क्यावर, चहाच्या टपरीत त्याच्या मागे फिरणार, हे त्याला कळत होतं, आणि मला कळत होतं.

"धन्यवाद," तो म्हणाला आणि माइक अडकवला.

डेकवरून निहात बेयांचा आवाज आला. "वारा पडला म्हणायचा, कप्तान?"

"पडला, बेय," बाबा म्हणाला. "निघू या."

सगळ्या वाटेत त्यानं सुकाणू सोडलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. मी सुकाणूच्या खोलीबाहेर उभी होते. भूशिर आलं, गेलं, आणि पलीकडे समुद्र खरंच झोपला होता.

बोझबुरुनच्या धक्क्यावर आई दोन्ही हात हलवत होती. मी फळी टाकायची वाटही पाहिली नाही, उडी मारली आणि तापलेल्या दगडावर पडले. अनवाणी! बोटीवर आम्ही सगळे अनवाणीच असतो, मी विसरलेच होते. मागून काहीतरी उडत आलं आणि आईच्या पायाशी पडलं. माझा बूट. मग दुसरा आला. बाबा बोटीच्या मागच्या कठड्याशी उभा होता, हात अजून फेकल्याच्या पवित्र्यात.

"नाडी बांध," तो ओरडला. "पडशील."

आणि आत गेला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"रागावलाय."

"तुझ्यावर?"

"माहीत नाही. माझ्यावर. स्वतःवरही असेल."

आईनं बोटीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मिनीबसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

"त्याचा राग आठवडाभर पुरेल," ती म्हणाली. "ही बस तेवढी थांबणार नाही. पळ."