सर्वांसाठी खुलं यंत्र

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात रक्तातली एकेक पेशी तपासणारं एक यंत्र आहे. परदेशी अनुदानातून आलेलं. पाच विभागांनी मिळून वापरायचं, असं दारावरच्या पितळी पाटीवर कोरलंय. दाराला मात्र कायम कुलूप. यंत्र प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या उस्ताद बसयूनींच्या नावावर आहे, आणि आमच्याकडे सरकारी वस्तू बिघडली की ज्याच्या नावावर असेल त्याच्याच पगारातून भरून घेतात. मग बसयूनी कशाला कुणाला हात लावू देतील? यंत्रावर त्यांच्या बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं पांघरूण आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावरची डॉक्टर शाहिनाज, सगळ्यांची 'दुक्तोरा', थॅलेसेमियाच्या मुलांवर संशोधन करते. तिने बसयूनींच्या किती नाकदुऱ्या काढल्या! घरी केलेली बसबूसा, आमची रव्याची मिठाई, तीसुद्धा नेऊन दिली. बसबूसा खाऊन ते म्हणाले, "दुक्तोरा, तुम्ही मला लेकीसारख्या. पण मी लेकीलाही माझी गाडी देत नाही."

कैरोहून अनुदान समिती पाहणीला येणार म्हटल्यावर ती हरखली. निदान पाहुण्यांसमोर तरी यंत्र चालवतील! त्या सकाळी तिने मुलांचं रक्त आणलं. सुयांना वैतागलेली पोरं ती, आयांनी कशीबशी समजावलेली. संध्याकाळपर्यंत तपासलं नाही तर रक्त वाया जाणार होतं.

बसयूनींनी नवरीचा पदर सारावा तसं पांघरूण काढलं. फोटो निघाले. शाहिनाज नळ्या घेऊन पुढे झाली, तर डीन दातओठ खात कुजबुजले, "अहो, पाहुण्यांसमोर रक्त काय काढताय? चहा थंड होतोय!"

"इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही!" समितीच्या अध्यक्षांनी बसयूनींची पाठ थोपटली. "असं सांभाळणार असाल तर दुसरंही देऊ." मग ते शाहिनाजकडे वळले. "तुमचा अर्ज पाहिला, बाई. एवढं यंत्र हाताशी असून एकही निष्कर्ष नाही? अशांना पैसे कसे द्यायचे?"

तिने बसयूनींकडे पाहिलं. ते पांघरुणाच्या नाड्या बांधत होते. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो, कारण माझाही अर्ज त्याच समितीकडे होता.

संध्याकाळी एका मुलाच्या आईचा फोन आला. "दुक्तोरा, रक्त कामी आलं ना हो? पोरगं सारखं विचारतंय."

"आलं हो. शूर आहे म्हणावं," शाहिनाज म्हणाली, आणि फोन ठेवून एकेक नळी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकत गेली.