आधी चादर

रविवारची सकाळ होती. थोरल्या बहिणीच्या, ताईच्या स्वयंपाकघरात ती मटार सोलत बसली होती. सुट्टीच्या दिवशी असं पाय पसरून बसायचं सुख तिच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. मधूनच दचकून उठावंसं वाटायचं, जणू कुठेतरी काम खोळंबलंय. तेवढ्यात दार वाजलं. ताईने उघडून पाहिलं, तर दारात बहिणीचा दीर. हातात सफरचंदांची फुगलेली पिशवी आणि तोंडावर कान गाठणारं हसू.

"वहिनी, कशा आहात? वाळलात हो!"

ती लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून आज पहिल्यांदाच त्याला तिची तब्येत दिसली होती. खुर्ची रिकामी होती, पण तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं, ते डुगडुगणारं. दीर त्यावर बसला आणि तोल सांभाळत राहिला. तिला बरं वाटलं.

"काय काम काढलंत, भाऊजी?"

"काम कसलं? आपल्या माणसाला न्यायला आलोय. झालं गेलं विसरा आणि परत चला."

आता हे 'आपलं माणूस' प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. लाँड्री दोघा भावांनी मिळून उभी केली होती. थोरला, म्हणजे तिचा नवरा, गेला तेव्हा धाकट्याने वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून चारचौघांत सांगितलं, "ही या घरची आहे, कायमची." लोकांनी वाहवा केली. दुसऱ्याच आठवड्यात ती मागच्या खोलीत, चादरी इस्त्री करायच्या मोठ्या गरम रोलरपुढे उभी होती. कामगारांना महिन्याला पगार मिळायचा. तिला नाही, कारण घरचं माणूस पगार मागतं का? कामगारांना रविवारी सुट्टी असायची. तिला नाही, कारण घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी? पुढे पुढे दुकानात सगळे तिला 'घरची'च म्हणू लागले. "घरचीला सांग, हॉटेलच्या चादरी आल्यात." वरच्या मजल्यावरची तिची आणि नवऱ्याची खोली पुतण्याच्या लग्नात त्याच्याकडे गेली, आणि घरचीचं अंथरूण धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी आलं. विधवेला आसरा दिला म्हणून दिराचं नाव मात्र गावभर झालं. फुकटात राबणारं माणूस आणि वर पुण्य, असा सौदा कोण सोडतो?

मग तो दिवस आला. रोलरच्या तोंडाशी एक जाळी असते. बोटं फार पुढे गेली की ती जाळीला लागतात आणि यंत्र आपोआप थांबतं. दिराने ती काढून साबणाच्या पिंपामागे टाकली होती, कारण यंत्र सारखं थांबलं की काम अडतं. तिने कितीदा मागितली होती. त्या दिवशी चादरीची कड दुमडली, ती सरळ करायला तिचा हात पुढे गेला आणि आतच ओढला गेला. कपडे धुणारे साबणकाका धावले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. दीरही धावत आला. तिला वाटलं, आपल्याकडेच येतोय. त्याने पलीकडून चादर खेचून काढली, दिव्यासमोर धरली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "डाग नाही पडला. वाचलो!"

मग त्याने हात बघितला. "थंड पाण्यात धरा," तो म्हणाला, "आणि वहिनी, उरलेल्या चादरी डाव्या हाताने होतील का?"

भाजल्याचं दुःख विसरता येतं. पण तो चादर उलटसुलट करून बघत होता, हे ती विसरली नव्हती आणि विसरणारही नव्हती. ज्या इस्पितळात हात दाखवायला गेली, तिथल्याच धुलाईखान्यात तिने काम मिळवलं. तिथे रोलरला जाळी होती, रविवार होता, आणि मुकादमबाई तोंडाने फटकळ असली तरी माणसाला माणूस समजणारी होती.

"तुमची ती वरची खोली," दीर स्टुलावरून म्हणाला, "रिकामी करून ठेवलीय. पोराला आणि सुनेला दुसरीकडे हलवलं. रंगही काढला. आणि आमची पोरगी परत आलीय, तुम्हाला ठाऊकच आहे. नवरा गेला, सासरच्यांनी हात वर केले. तिलाही काकूचा आधार होईल."

खोलीचं नाव काढताच तिला तिथली खिडकी आठवली. त्या खिडकीतून वाळत घातलेले पांढरे कपडे दिसायचे. तिथेच नवऱ्याने तिला शिट्टी वाजवायला शिकवलं होतं. ताईकडे ती बैठकीच्या खोलीत झोपायची आणि पाहुणे आले की अंथरूण काखेत मारून उभी राहायची.

दीर गेल्यावर ताई मटाराची टोपली ओढून समोर बसली. "हे बघ, मी काही तुला घालवत नाहीये. पण हक्काची खोली मिळतेय. म्हातारपणी कोण बघणार तुला? माणूस वाकून आलाय दारात."

"वाकला नाहीये गं, त्याला वाकवलंय. मी गेल्यापासून चादरी नीट होत नाहीत म्हणून हॉटेलवाले कटकट करत असतील."

"मग? जाणार आहेस की नाही?"

"उद्या दुपारची पाळी आहे. सकाळी दुकानात येऊन सांगते म्हटलंय. हॉटेलच्या व्यवस्थापकबाई सोमवारी सकाळी चादरी न्यायला येतात ना, तेव्हाच जाणार."

ताईने कपाळावर हात मारला.

रात्रभर ती मनात वाक्यं घोळवत होती. बाईंसमोर हात उघडा करायचा. चादरीची गोष्ट सांगायची, अगदी 'वाचलो'सकट. मग म्हणायचं, येत नाही मी, काय करायचं ते करा. दिराचं तोंड कसं पडेल, ते डोळ्यांपुढे आणून ती अंधारात एकटीच हसली. खोलीवर पाणी सोडावं लागणार होतं. सोडलं. सुडासाठी तेवढी किंमत तिला जास्त वाटली नाही.

सकाळी ती पोहोचली तेव्हा व्यवस्थापकबाई काउंटरशी गठ्ठे तपासत उभ्या होत्या.

"बघा, आमच्या वहिनी परत आल्या!" दिराने ललकारी दिली. "आता तुमच्या चादरींवर सुरकुती दिसली तर सांगा!"

मागच्या खोलीत रोलर धडधडत होता. कोण आहे म्हणून तिने पडदा सारला आणि तिथेच थबकली.

रोलरपुढे पुतणी उभी होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, नजर चादरीच्या कडेवर, आणि दर वेळी कड रोलरजवळ आली की ती बोटं आखडून घेत होती. जाळी अजूनही पिंपामागेच पडलेली होती.

खोटं कशाला बोलायचं? तिला पहिल्यांदा आनंद झाला. बरं झालं, तिच्या मनात आलं, आता पोटच्या पोरीचा हात आत जाऊ दे, म्हणजे त्याला कळेल. आधी काय बघतो ते मलाही बघायचंय.

पुतणीने मान वर केली. "काकू! आलात तुम्ही?" तिचा आवाज भरून आला. "आता मी सुटले ना?"

ती पोर तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. आपण नाही म्हटलं, तर या यंत्रापुढे उभं राहायला दीर येणार नव्हता, हीच राहणार होती. रात्रभर घोळवलेला सगळा सूड या पोरीच्या बोटांवर वसूल होणार होता. काकूला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेमागून आला तो पहिल्याहून मोठा संताप.

"भाऊजी," तिने हाक मारली, "मी परत आले, तर ही काय करेल?"

दीर पडद्यापाशी आला. "ही? ही इकडे उशांचे अभ्रे करेल. काम दुप्पट घेता येईल. दोघी घरच्याच! आणि रिकामी बसली तर पोरीला घर खायला उठेल हो, म्हणून तिच्या भल्यासाठीच लावलंय कामाला."

"पगार?"

"वहिनी, बाप लेकीला पगार देतो का?"

तिने हात पुढे करून लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं. दुकानात इतकं शांत झालं, की व्यवस्थापकबाईसुद्धा पडद्याशी येऊन डोकावल्या. मग तिने भाजलेला तळवा त्यांच्यासमोर धरला आणि चादरीची गोष्ट सांगितली. रात्री जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत, पण त्यांची गरजही पडली नाही. साबणकाका मान खाली घालून म्हणाले, "खरं आहे बाई. मी होतो तिथे." बाईंनी हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"मी येत नाही, भाऊजी. आणि हिलाही नेतेय. आमच्या धुलाईखान्यात माणसं हवी आहेत."

"माझ्या पोरीला? घर मोडताय तुम्ही!"

"मोडतेय. हौसेने मोडतेय. चल गं."

पुतणी दारापर्यंत आली आणि तिथेच अडली. इकडे बाप, तिकडे काकू. "बाबांना असं टाकून कशी येऊ?" ती पुटपुटली. "लोक काय म्हणतील?" तिने एक चप्पल घातली, दुसरी हातात तशीच राहिली.

"गाडी बाहेर उभी आहे," व्यवस्थापकबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "आजच्या चादरी आजच लागतील. पुढचं मी नंतर कळवते."

कामगारांनी आपापली कामं पुढे ओढली. मालकाकडे कुणी बघेना. शेवटी दिराने बाह्या वर केल्या आणि रोलरपुढे जाऊन उभा राहिला. चादर उचलली. गरम वाफ तोंडावर आली तसा तो एक पाऊल मागे सरला, स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि ओरडला,

"साबणकाका! ती जाळी कुठे टाकलीय? आणा, आधी ती जाळी लावा!"

दाराशी उभ्या पुतणीने ते ऐकलं. तिने शांतपणे दुसरी चप्पल घातली.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "काकू, मी रडून मागितली होती ती जाळी."

"मीसुद्धा," काकू म्हणाली. एकदा मान वर करून तिने नवीन रंग दिलेल्या त्या खिडकीकडे पाहिलं, मग पुतणीचा हात आपल्या भाजलेल्या हातात घेतला. "चल, पाऊल उचल. मुकादमबाईला पाळीच्या आधी गाठायचंय."