ताठ बसवा, दहा मिनिटं

"आज गणिताचा पेपर ना? मग दुखणारच पोट," सासूबाई म्हणाल्या. मुंगी काही हसली नाही. सात वर्षांची माझी पोर, टायफॉइडच्या तापाने आधीच सुकून अर्धी झालेली, गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात पडली होती. मी तिला तशीच उचलून हॉस्पिटलात नेलं.

एक्स-रेवाला घाईत होता, पण नीट बोलला. "ताई, हिला बाकावर ताठ बसवा. दहा मिनिटं. आतडं फुटलं असेल तर हवा बाहेर पडून वर चढते, तेव्हाच फोटोत दिसते. आडवी करू नका हं." एवढं सांगून तो शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी मोडलेल्या हाताकडे गेला.

घड्याळ समोरच होतं.

"आई, झोपू दे ना गं."

"थोडंच राहिलंय, राणी."

"तू वाईट आहेस."

चौथ्या मिनिटाला मी तिला मांडीवर आडवं घेतलं. ताप तासातासाला वहीत लिहून ठेवणारी मी, औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचणारी मी! पावलं वाजली तशी तिला पटकन उठवून बसवलं.

"झाली दहा?"

"झाली," मी म्हटलं.

फोटो स्वच्छ आला. "हवा नाही कुठे. संध्याकाळपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, उगाच छळलं नाही पोरीला, बरं केलं.

संध्याकाळी पोट फळीसारखं कडक झालं. दुसऱ्या फोटोत, छातीच्या तळाशी, हवेची नखाएवढी काळी कोर. ऑपरेशन झालं, पण तोवर घाण पोटभर पसरून रक्तात गेली होती.

"सकाळी काहीच नव्हतं, नंतर फुटलं असणार," डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्याने माझा हात धरला. "ऐकलंस? तू तर लगेच आणलं होतंस." सासूबाई पेपरचं बोलल्या म्हणून अजून रडतायत, "माझी जीभच झडो" म्हणतायत. मी त्यांना पाणी देते.

आज तिसरा दिवस. डॉक्टर आता नुसतेच यंत्राकडे बघतात आणि आमची नजर चुकवून जातात. श्वासाची नळी आहे म्हणून पलंगाचं डोकं वर करून ठेवलंय. मुंगी तीन दिवस टेकून बसली आहे. झोपू दे म्हणत नाही.