गजासाठी भाता

चामड्याचं काम करणाऱ्या काकूंचा एक नियम होता. वस्तू हातात घेऊन गिऱ्हाईक "चालेल" म्हणालं, की काकू ती वस्तू परत ओढून घेत. "चालेल म्हणजे काय? चालवून घ्यायचं होतं तर माझ्याकडे कशाला आलात?" असं तोंडावर विचारत. माणसं दबकून असायची, पण यायची मात्र काकूंकडेच. आणि वस्तू मनासारखी झाली की काकू फोन करून तीनच शब्द बोलायच्या, "झालंय, घेऊन जा." कसे आहात, बरे आहात, काही नाही. फोन ठेवून मोकळ्या.

हा फोन ज्याला कधीच गेला नाही असा एक माणूस होता, आणि तो त्यांच्याच घरात राहत होता.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, शहरातल्या वाद्यवृंदात डबल बास वाजवायचे. वाद्य कसलं, धूडच ते! माणसापेक्षा उंच. दारातून आत आणायचं तर आडवं करावं लागे, आणि घरातली एक खोली त्याने अडवली होती ती अडवलीच. काकू त्याला सवत म्हणत. "आधी तिला पुसून घ्या, मग माझ्याकडे बघायला फुरसत झाली तर बघा," असं रोज एकदा तरी व्हायचंच.

आता हे वाद्य कधी गजाने वाजवतात, कधी नुसत्या बोटांनी. बोटांची पाळी आली की गज ठेवायचा कुठे? त्यासाठी चामड्याचा लांबट भाता वाद्यालाच बांधतात, खाली ज्या काळ्या लाकडी पट्टीला तारा अडकवलेल्या असतात तिला. हात खाली सोडला की गज आत. काकांनी बायकोकडे असा भाता मागितला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. "करते हो! एवढं हातातलं संपलं की करते." हातातलं कधी संपलंय का कुणाचं? शिवाय काम घरच्या माणसाचं, ते कुठे पळून जातंय! शेवटी काकांनी काकूंच्या उसवलेल्या स्वेटरची बाही कापून घेतली, तिचं एक तोंड शिवलं आणि तीच पट्टीला बांधली. सगळा वाद्यवृंद खोखो हसला. काका म्हणाले, "हसा लेको. बायकोचा हात आहे, माझा गज धरून उभा राहतो."

चार महिन्यांपूर्वी सकाळी बूट घालता घालता काका गेले. एक बूट पायात होता, एक हातात.

वाद्य न वाजवता ठेवलं की त्याचा आवाज बसतो, म्हणून काकूंनी ते काकांच्या शिष्येला द्यायचं ठरवलं. बाई तिशीतली, त्याच वाद्यवृंदातली, गुणी. सोमवारी वाद्य बघायला आली आणि जाता जाता घुटमळली.

"काकू, रागावणार नसाल तर एक मागू? मला भाता करून द्याल?"

काकूंनी टेबलावरचा चिमटा उचलला.

"सर म्हणायचे, भाता करावा तर आमच्या हिनेच. मी एकदा म्हटलं, बाजारात तयार मिळतो की, आणून टाका. तर म्हणाले, छे छे, तिला वाईट वाटेल."

काकू मनातल्या मनात काकांवर उखडल्या. एवढं बोलून ठेवलंत जगाला, आणि मला एकदा ओरडून सांगता आलं नाही? एकदा तरी भांडायचं होतंत! हातातल्या चिमट्याशी त्या उगाच झटापट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बस. चामडं निवड." एकोणीस वर्षांचं राहिलेलं काम निदान ह्या मुलीच्या निमित्ताने तरी त्या वाद्याला नीट लागू दे, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

त्यांनी दोन कातडी पसरली. "हे बकऱ्याचं. मऊ आहे, पण ह्याचं तोंड मिटतं. ऐन कार्यक्रमात भोक शोधत बसशील. हे म्हशीचं. ताठ राहतं, पण लाकडावर आपटलं की आवाज करतं."

"मग?"

"मग काय, म्हशीचं घेऊ आणि आत नि मागे जाड लोकरीचं अस्तर देऊ. आता उभी राहा. वाजवताना राहतेस तशी, फोटोला उभी राहिल्यासारखी नको. डोळे मीट. गज खाली सोड."

मापाची काकूंची ही पद्धत होती. हात आपसूक जिथे जाईल तिथे भात्याचं तोंड. तीनदा सोडायला लावलं, तीनदा हात एकाच जागी गेला. पट्टीपासून किती बोटं ते काकूंनी कागदावर लिहिलं. गजाची रुंदीही लिहिली, कारण गज दोन तऱ्हेचे असतात. शिष्या वरून धरायचा गज वापरायची. काका खालून धरायचा वापरत, करवत धरावी तसा. त्याची मूठ बरीच रुंद. कागद त्यांनी भिंतीला टाचला.

शिष्या गेल्यावर काकूंनी वाद्याला बांधलेली बाही सोडायला घेतली. गाठ चाचपताना बोटांना आणखी काहीतरी लागलं. बाहीच्या तोंडाला आतल्या बाजूने चामड्याची कड होती. काकूंच्याच कातरणातली. दोन सुयांनी घालायची काकूंची टीप काकांनी बघून बघून उचलली होती आणि पार चुकवली होती. वरून ठीक, मागे नुसता गुंता. कधी केलं असेल हे? मी बाहेर गेलेली असताना? बोटं किती टोचून घेतली असतील! काकू खाली बसल्या आणि बाही तोंडावर धरून ढसाढसा रडल्या.

भाता तीन दिवसांत झाला. बाही सबंध वेळ टेबलावर समोर होती.

गुरुवारी दुपारी शिष्या आली. काकूंनी भाता पट्टीला बांधला, वादी ओढून बघितली, अस्तर लाकडाला नीट टेकलंय ना ते चाचपलं. "डोळे मीट. सोड."

हात खाली आला आणि गज कडेवर आपटला. दुसऱ्यांदा तिने हात वर नेऊन सोडला तेव्हा गज आत गेला, पण सैल राहिला, खुळखुळत. शिष्या घाईने म्हणाली, "चालेल, काकू. सवय होईल मला."

"चालेल?" काकू कडाडल्या. भिंतीवरचा कागद खस्सकन ओढून त्या मापं ताडून बघू लागल्या. तोंड चार बोटं वर. रुंदी दीड बोट जास्त. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तीन दिवसांत ह्या कागदाकडे आपण एकदाही बघितलेलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

शिष्या भात्याकडे, मग टेबलावरच्या बाहीकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "काकू, हा सरांचा झालाय."

काकूंनी स्टूल ओढलं. कपाटावरून काकांचा गज काढला आणि तिच्या हातात दिला. तिने हात वर नेऊन तो सोडला. गज आत गेला आणि स्वस्थ राहिला. जरासुद्धा आवाज झाला नाही.

"तीन दिवसांचं काम होतं गं," काकू म्हणाल्या. "तीन दिवसांचं! एकोणीस वर्षांत मला तीन दिवस मिळाले नाहीत."

शिष्येने त्यांना जवळ घेतलं. दोघी रडल्या. मग काकूंनी पदराने नाक पुसलं, भाता सोडून बाजूला ठेवला आणि उरलेलं कातडं ओढलं. "हलू नकोस इथून. आत्ताच शिवून देते, हात आता बसलाय, अस्तरही उरलेलं आहेच." आणि कागद ह्या वेळी डोळ्यांसमोर ठेवला. उन्हं उतरायच्या आत दुसरा भाता झाला, बांधला, गज त्यात अचूक बसला. शिष्या ह्या खेपेला "चालेल" म्हणाली नाही.

सवतीला आडवं करून दारातून काढताना काकूंनीच खालची बाजू धरली. "जपून ने गं," म्हणाल्या. जिन्यावर पावलं वाजली, मग गाडीचं दार वाजलं.

काकू आत आल्या. पहिला भाता टेबलावर पडून होता, काकांचा गज त्यातच होता. तो बांधायला घरात आता काही उरलं नव्हतं. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलला, वाद्याच्या रिकाम्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, आणि रोज गिऱ्हाइकांशी बोलत त्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, झालंय. घेऊन जा."